स्पीकर आणि अँप्लिफायरची तुलना घरच्या घरी: आधी जागा, मग स्पीकर, शेवटी अँप

मित्रमंडळींकडे "जरा ऐकायला ये, कुठला घ्यावा सांग" म्हणून जाणं होतं, तेव्हा दृश्य बहुतेक ठरलेलं असतं. एक स्पीकरजोडी शोकेसच्या कप्प्यात कोंबलेली, दुसरी टीपॉयवर. पहिली जुन्या अँपला जोडलेली, दुसरी नव्या. वर पंखा पाचावर. दोन-तीन गाणी वाजतात, कोणीतरी म्हणतं, "याचा बास भारी आहे," आणि तेवढ्यावर पन्नास-साठ हजारांचा निर्णय होतो.

यात स्पीकर बदलला, जागा बदलली, अँप बदलला आणि आवाजाची पातळीही बदलली. बास नेमका कशामुळे वाढला हे कोण सांगणार? शोकेसच्या कप्प्यामुळेही वाढला असेल.

मीही यातून गेलोय. एका दुकानात अर्ध्या तासात अँप पसंत करून मोकळा झालो. घरी आणून जुन्या अँपशी व्होल्ट मोजून पातळी जुळवली, तर दोघांतला फरक मला सांगता येईना. दुकानात महागाचा आवाज जरासा चढा ठेवलेला होता, बाकी काही नाही. एखाद-अर्ध्या डेसिबलची वाढ कानाला "आवाज वाढला" अशी कळत नाही. ती "जास्त स्वच्छ", "जास्त मोकळं" अशी कळते. निम्म्याहून अधिक चुका इथेच होतात.

खालचा क्रम पाळा. तो उलटा केला तर केलेली मेहनत फुकट जाते.

## सामान आदल्या दिवशी जमवा

यातलं बहुतेक सगळं पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. मास्किंग टेप, मोजायची टेप, वायर, व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर आणि अँपची तुलना करायची असेल तर एक स्विच. स्विचबद्दल सहाव्या टप्प्यात सांगतो.

मल्टिमीटर बघून घ्या. सगळ्यात स्वस्त जो पिवळा मिळतो, त्यावर एसी व्होल्टचे २०० आणि ७५० असे दोनच पल्ले असतात. घरातली वीज तपासायला तो ठीक आहे. आपल्याला दीड व्होल्टमधला एका टक्क्याचा फरक वाचायचा आहे, तो त्यावर दिसणारच नाही. एसीचा २ किंवा २० व्होल्टचा पल्ला असलेला किंवा पल्ला आपोआप बदलणारा मागा.

वायर साधी, तांब्याची, लवचीक, दीड चौरस मिलिमीटरची चालते. तिचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओम. पाच मीटर लांब वायर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे ०.१२ ओम. आठ ओमच्या स्पीकरपुढे हा आकडा किरकोळ आहे. स्पीकर चार ओमचा असेल किंवा अंतर बरंच जास्त असेल तर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या. महागड्या केबलचा विषय तुलना संपेपर्यंत काढू नका. (नंतरही नाही काढलात तरी चालेल.)

आणि एक मदतनीस हवा. वायरी बदलायला तर हवाच, पण सहाव्या टप्प्यात तुमच्यापासून गोष्टी लपवायलाही हवा. घरातलं ज्याला या विषयात अजिबात रस नाही, असं माणूस उत्तम.

## टप्पा १: कागदावरची जोडी

स्पीकर घरी मागवण्याआधी दहा मिनिटांचा हिशेब करा. जोडी मुळातच जमत नसेल तर ऐकण्यात वेळ जायला नको.

स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटीचा आकडा असतो, उदाहरणार्थ ८६ डेसिबल. अर्थ असा, की २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटरवर एवढा आवाज मिळतो. आठ ओमच्या स्पीकरसाठी २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट. चार ओमच्या स्पीकरला मात्र तेवढ्याच व्होल्टला दोन वॅट लागतात. त्यामुळे चार ओमचा ८९ आणि आठ ओमचा ८६ हे दोघं वॅटमागे सारखेच. कागदावर पहिला उगाच सरस दिसतो.

आता किती वॅट लागतील ते काढू. तुम्ही अडीच मीटरवर बसता. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतराने ८ डेसिबल कमी होतील, पण बंद खोलीत भिंती थोडा आवाज परत देतात आणि स्पीकरही दोन असतात. म्हणून नुकसान दोनेक डेसिबलचं धरा. प्रत्येकी एका वॅटला तुमच्या कानाशी साधारण ८४ मिळाले. हॉलमध्ये सरासरी ८० डेसिबल म्हणजे चांगलंच मोठ्याने ऐकणं झालं. तबल्याची थाप वगैरे त्याच्या वर १५ जाते असं धरू, म्हणजे ९५. ८४ पासून ९५ पर्यंत ११ डेसिबल, म्हणजे बारा-तेरा वॅट. दुप्पट हात राखून ठेवा: खरे २५ ते ३० वॅट.

बस, एवढंच. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, त्यामुळे ५० आणि ६० वॅटच्या अँपमध्ये एक डेसिबलचाही फरक नसतो. त्या दहा वॅटसाठी जादा पैसे मागितले तर देऊ नका. खोक्यावर "पीएमपीओ" असं लिहिलेला (क्षणभराचा, फुगवलेला) आकडा असेल तर तो न वाचता पुढे जा. आठ ओममध्ये, दोन्ही चॅनेल चालू असताना, किती आरएमएस (म्हणजे सलग देता येणारे) वॅट, एवढंच विचारा.

सावधान: आठ ओमच्या दोन जोड्या अँपच्या ए आणि बी टर्मिनलला लावून एकदम वाजवल्या तर बहुतेक अँपना चार ओमचा भार दिसतो. मागच्या बाजूला किमान किती ओम चालतील ते छापलेलं असतं. ते वाचल्याशिवाय दोन्ही बटणं एकत्र दाबू नका.

## टप्पा २: खोली आणि जागा

हा टप्पा लोक गाळतात, आणि सगळ्यात मोठा फरक नेमका इथे पडतो.

पुण्यातल्या नव्या फ्लॅटचा हॉल म्हणजे व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला काचेचं सरकतं दार, वर पीओपी आणि तीन बाजूंना गुळगुळीत भिंती. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. मागून टर्रर्र असा शेपटासारखा आवाज आला तर पहिलं काम तिथे आहे. स्पीकर आणि तुमच्यामध्ये जाड सतरंजी टाका, काचेवर पडदा ओढा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर झाकण उघडं ठेवा. पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्यात, लाकडी तक्तपोशीखाली, तोच स्पीकर ऐकला तर तो दुसरा वाटावा इतका शांत वाटतो. म्हणून मित्राच्या घरी ऐकलेल्या स्पीकरवरून आपल्या घरचं ठरवू नये.

खालच्या सुरांचं गणित वेगळं आहे, ते सतरंजीने सुटत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक सूर घुमतो. तो काढायला ५६३ ला फुटांतल्या अंतराने भागा. दहा फुटांना ५६ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ५६ कंपनं), अकराला ५१, सोळाला ३५. आठ फुटांची अरुंद खोली असेल तर ७०. आता गंमत बघा: काळी एक ही अनेक पुरुष गायकांची पट्टी, तिचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या आसपास आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या जवळ. डग्ग्याचा घुमारही याच्याच शेजारी. म्हणजे आठ फुटांच्या बेडरूममध्ये एखादा खर्ज लागला की भिंतीही गायला लागतात, आणि आपण म्हणतो, "स्पीकर बूमी आहे."

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. ५५-६० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा, पाच ते साडेसहा इंची वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या गोलाचा) छोटा स्पीकर हा खर्ज पुरता वाजवतो. शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीत एवढंच ऐकणार असाल तर सबवूफरवर (फक्त बासच्या वेगळ्या डब्यावर) पैसे घालण्याची घाई करू नका.

मांडणी अशी करा:

१. दोन स्पीकर आणि तुमची बैठक यांचा समभुज त्रिकोण, सहा ते आठ फुटांचा.

२. स्पीकर त्यांच्या मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे. डावा आणि उजवा बाजूच्या भिंतींपासून शक्य तेवढ्या सारख्या अंतरावर. एका बाजूला भिंत आणि दुसरीकडे पॅसेज असेल तर बास एकाच बाजूने जड येतो.

३. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा गोल, कानाच्या उंचीला. सोफ्यावर बसत असाल तर साधारण ९५ ते १०० सेंटिमीटर. भारतीय बैठक असेल तर ७५ ते ८०. बाजारातले बरेचसे स्टँड सोफ्याच्या हिशेबाने केलेले असतात. गादीवर बसून ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून ट्वीटर निघून जातो आणि मग "हायज कमी आहेत" अशी तक्रार येते.

४. तुमची बैठक तुमच्या मागच्या भिंतीला टेकलेली नको. तिथे बास फुगतो. एक-दोन फूट पुढे या.

जागा पक्की झाली की स्टँडच्या चारही कोपऱ्यांभोवती जमिनीवर मास्किंग टेप चिकटवा आणि कान कुठे येतो तिथेही खूण करा.

तपासा: पंखा बंद, फ्रिज हॉलमध्ये असेल तर तात्पुरता बंद, बोअरची मोटर चालू नाही, स्वयंपाकघरात मिक्सर नाही. एप्रिलमध्ये पंख्याशिवाय बसणं ही शिक्षा आहे, हे कबूल; पण सूर संपत येताना जे बारीक ऐकायचं असतं ते पंखा खाऊन टाकतो. नदीपात्राजवळ राहत असाल तर गणपतीआधीच्या आठवड्यांत संध्याकाळचा नाद सोडा, ढोलपथकांच्या सरावाशी स्पर्धा नको. सकाळी मुलं शाळेला गेल्यावरचे दोन तास बरे. रात्री दहानंतर नियमाने निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि शेजारी तर नियमाचीही वाट बघत नाहीत.

## टप्पा ३: जोडणी

सगळं बंद करून मगच वायरी लावायच्या. अँप चालू असताना स्पीकरची वायर काढू-घालू नका. दोन उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या तर आउटपुट जळू शकतं. वायर सोलल्यावर तांब्याचे केस पिळून एकत्र करा, एखादाही सुटा केस शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये.

लालला लाल, काळ्याला काळा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी चुकतं, कारण साध्या वायरीला दोन्ही बाजूंना एकच रंग असतो. एका तारेला दोन्ही टोकांना टेप गुंडाळून खूण करा. नंतर खात्री अशी: एखादं मोनो बोलणं लावा, बातम्या वाचणारा एकटा आवाज असेल तर छान. तो दोन स्पीकरच्या बरोबर मधून आला पाहिजे. आवाज कुठूनच येत नाहीये असं वाटलं आणि बास गायब असेल, तर एका बाजूची तार उलटी आहे. जुन्या स्पीकरच्या खुणा पुसल्या असतील तर वायर अँपपासून काढा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल टोकांना क्षणभर लावा. वूफरचा कोन (हलणारा पडदा) बाहेर आला तर सेलचं अधिक टोक ज्या तारेला लागलं ती लाल.

मग गाणं न लावता अँपचा आवाज नेहमीएवढा ठेवून स्पीकरजवळ कान न्या. घूं असा सतत आवाज येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा, बहुतेक वेळा घोटाळा तिथेच असतो. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, तीन पिनांच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवर घ्या. लॅपटॉपवरून वाजवत असाल तर चार्जर काढून ऐकून बघा.

शेवटी सगळा मसाला बंद करा: बास बूस्ट, लाउडनेसचं बटण, फोनमधला इक्वलायझर, स्ट्रीमिंग अ‍ॅपमधलं आवाज सारखा करणारं सेटिंग. ब्लूटूथ नको, वायरने जोडा.

## टप्पा ४: काय ऐकायचं

दुकानदार जे लावतो ते नको. त्याला कुठलं गाणं कुठल्या स्पीकरवर शोभतं हे पाठ असतं. तुम्हाला पाठ असलेली चार-पाच रेकॉर्डिंग घ्या आणि प्रत्येकातला तीस-चाळीस सेकंदांचा तुकडा ठरवून ठेवा. कानाला बारीक फरक काही सेकंदांपलीकडे लक्षात राहत नाही, पूर्ण गाणं ऐकून तुलना होत नाही.

माझ्याकडचे तुकडे असे आहेत. नुसता तंबोरा: जवारी लागलेली असताना वरचे सूर उलगडत जातात, ते वाळूसारखे खरखरीत वाटता कामा नयेत. तबल्याचा एकल तुकडा: डग्ग्यावर मनगट सरकतं तेव्हा सूर चढताना स्पष्ट कळला पाहिजे, नुसता ढुम्म नको. एक बाईचा आवाज, संथ, कमी वाद्यांचा: "स" आणि "श" टोचतात का. हार्मोनियम आणि गायक एकाच सप्तकात असतील असा तुकडा: दोघं वेगळे ऐकू येतात का, की पेटी आवाजाला झाकते. आणि ढोलकी-झांजांचा कल्लोळ असलेलं काहीतरी, जरा मोठ्याने, गोंधळ होतो का ते बघायला.

दोन्ही स्पीकरना फाइल एकच असावी. त्याच गाण्याची जुनी आणि नव्याने केलेली आवृत्ती यांत इतका फरक असतो, की स्पीकरचा फरक त्यापुढे फिका पडतो.

## टप्पा ५: स्पीकरची तुलना

अँप एकच. जागा एकच, टेपवरची. स्टँडही एकच. एक जोडी ऐकायची, उतरवायची, दुसरी त्याच खुणांवर ठेवायची. त्या वेळी न वाजणारी जोडी खोलीबाहेर. शेजारी ठेवली तर तिचे कोन आपणहून थरथरतात आणि जागेचाही फरक पडतो. बदलायला दोन मिनिटं जातात ती जाऊ देत. स्पीकर-स्पीकरमधले फरक मोठे असतात, तेवढ्यात विसरले जात नाहीत.

पातळी जुळवण्यासाठी पिंक नॉइज लागतो, म्हणजे सुमारे सगळे सूर सारख्या वाट्याने असलेली सळसळ. ५०० ते २००० हर्ट्झपुरता मर्यादित केलेला वापरा. पूर्ण पट्ट्याचा वापरलात तर ज्याचा बास जास्त त्याचा आकडा वर जातो आणि तुम्ही त्याचं गाणं नकळत बारीक करून बसता. फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप चालेल. फोन हातात धरू नका, कानाच्या खुणेवर स्टँडला लावा. फोन दाखवतो तो आकडा खरा असेलच असं नाही, पण त्याच फोनवर त्याच जागी दोन वाचनांमधला फरक बऱ्यापैकी भरवशाचा असतो. दोन्ही जोड्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणा आणि अँपचा आवाज कुठे होता ते कागदावर लिहा.

पहिली फेरी मांडणी अजिबात न बदलता. दुसऱ्या फेरीत प्रत्येक जोडीला तिच्या मर्जीचं द्या: कोणाला ट्वीटर कानाकडे वळवलेला लागतो, कोणाला सरळ, मागे छिद्र असलेल्याला भिंतीपासून आणखी अर्धा फूट. दुसऱ्या फेरीत निकाल फिरला तर दुसरीचाच खरा माना, कारण शेवटी तो असाच राहणार आहे.

खुर्चीतच बसून राहू नका. स्वयंपाकघराच्या दारात जा, जेवणाच्या टेबलापाशी बसा. चांगल्या स्पीकरचा आवाज बाजूला गेल्यावर फक्त थोडा मऊ होतो, त्याचा रंग बदलत नाही. सरळ समोर झगमगीत आणि बाजूला घोगरा, असा स्पीकर खोलीतही शेवटी थकवतो, कारण भिंतींवरून परत येणारा आवाज बाजूचाच असतो.

झाकून ऐकायचं असेल तर समोर दोरीवर पातळ सुती ओढणी टाका. कापड तोंडाला लावून फुंकर मारा: हवा सहज पार गेली तर आवाजही जाईल. ही हौस नव्हे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर त्याच लोकांना दाखवून आणि झाकून ऐकवले, तेव्हा गुण बदलले. त्या लोकांत ऐकण्याचा चांगला सराव असलेलेही होते. आकार, लाकडाचं पॉलिश आणि किंमत हे कानात शिरतातच.

नेहमीची चूक: "अजून दोनशे तास वाजू दे, मग खुलेल." नव्या वूफरची कडा सुरुवातीच्या काही तासांत थोडी सैल होते, एवढं खरं. त्यानंतर बहुतेक वेळा स्पीकर बदलत नाही, तुमचे कान सरावतात. आज टोचणारा "स" परत करण्याची मुदत संपेपर्यंत सहन करू नका.

## टप्पा ६: अँपची तुलना

स्पीकर ठरला, आता अँप. आधी अपेक्षा खाली आणा. नीट बनवलेले, आवाक्यातल्या पातळीवर चालणारे दोन ट्रान्झिस्टर अँप एकमेकांच्या फार जवळ असतात. फरक दिसतो तो एकाला जोर कमी पडतो तेव्हा, किंवा त्याच्यात सळसळ जास्त असते तेव्हा, किंवा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप असतो तेव्हा. व्हॉल्व्हच्या बऱ्याच अँपचा आउटपुट इम्पिडन्स (स्वतःचा आतला रोध) जास्त असतो, त्यामुळे स्पीकरचा ओम जिथे वर-खाली होतो तिथे आवाजही वर-खाली होतो. तो फरक खरा असतो, आवडेल की नाही हे तुमच्यावर.

एवढे बारीक फरक वायरी काढत-घालत कळत नाहीत, म्हणून स्विच. चार पोल, दोन दिशा आणि मध्ये बंद अशी स्थिती असलेला, किमान १० अँपिअरचा टॉगल मागा. डाव्या स्पीकरच्या दोन तारा आणि उजव्याच्या दोन, असे चार पोल. एका दिशेला पहिला अँप, दुसऱ्या दिशेला दुसरा. गाण्याची वायर वाय-केबलने दोन्ही अँपना वाटून द्या आणि दोन्ही चालूच ठेवा.

सावधान: काळ्या तारा एकत्र बांधून फक्त लाल बदलणारा स्विच करू नका. बऱ्याच क्लास डी (आत वेगाने चालू-बंद होत चालणाऱ्या) अँपमध्ये काळं टर्मिनलही अर्थला जोडलेलं नसतं, त्यात सिग्नल असतो. तो दुसऱ्या अँपच्या काळ्याला भिडला तर यंत्र जाईल. दोन अँपची आउटपुटं क्षणभरही एकमेकांना लागता कामा नयेत, म्हणूनच मधली बंद स्थिती हवी. व्हॉल्व्हचा अँप या स्विचवर घेऊच नका. भार सुटला आणि गाणं चालू राहिलं तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

पातळी फोनने नव्हे, व्होल्टने जुळवायची:

१. २०० हर्ट्झचा सलग सूर लावा. साधे मल्टिमीटर एसीला खालच्या फ्रिक्वेन्सीवरच अचूक असतात, १००० हर्ट्झवर त्यांचा भरवसा नाही.

२. मल्टिमीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दोनदा बघा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली तर तुम्ही अँपचं आउटपुट शॉर्ट कराल.

३. स्पीकरच्या टर्मिनलवर, स्पीकर जोडलेला असतानाच, १.५० व्होल्ट येईपर्यंत पहिल्या अँपचा आवाज वाढवा. आठ ओममध्ये हे पाव वॅटच्या थोडं वर होतं, कोणाला धोका नाही.

४. दुसऱ्या अँपलाही १.५० वर आणा. १.४८ ते १.५२ म्हणजे साधारण ०.१ डेसिबलच्या आत. तेवढं पुरे. दोन्ही चॅनेल तपासा.

५. सूर थांबवा. आकडा शून्याजवळ गेला पाहिजे. क्लास डी अँपवर तो शून्याला गेला नाही तर मल्टिमीटर अँपच्या अंतर्गत उच्च फ्रिक्वेन्सीने फसतोय, दुसरा मीटर वापरा.

रिमोटने एकेक पायरी वाढणाऱ्या अँपवर १.५० नेमकं येत नाही. मग त्याला जवळच्या पायरीवर सोडा आणि गोल बटणाच्या अँपचा आवाज त्याच्या आकड्याशी जुळवा. एकदा जुळल्यावर अँपना हात लावायचा नाही. आवाज कमी-जास्त करायचा तर फोनवर किंवा लॅपटॉपवर.

आधी स्वतः स्विच फिरवत निवांत ऐका. फरक वाटला तर मदतनीसाला बोलवा. त्याने नाणं उडवून अँप निवडायचा, तुमच्या पाठीमागे स्विच फिरवायचा आणि कागदावर लिहायचं. तुम्ही ओळखायचं. दहापैकी नऊ बरोबर आले तर फरक ऐकू येतोय असं म्हणा. नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता शंभरात एक आहे. आठ आले तर आणखी एक फेरी करा. सहा-सात म्हणजे नाणंच.

ओळखता आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, पैसे वाचले. मग अँप इतर गोष्टींवर निवडा: तापतो किती, रिमोट आहे का, फोनोची (रेकॉर्ड प्लेअर जोडायची) सोय हवी का, पुण्यात दुरुस्ती होते का. लाखभराचं बजेट असेल तर मी साठ-पासष्ट हजार स्पीकरवर घालेन आणि पाचेक हजार सतरंजी-पडद्यांना बाजूला काढेन.

## टप्पा ७: जुनं घेत असाल तर

वापरलेल्या अँपला गाणं लावण्याआधी मल्टिमीटर डीसीच्या मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकर टर्मिनल मोजा. आवाज शून्यावर, यंत्र दहा मिनिटं तापलेलं. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. शेकड्यांत असेल तर तुमचे स्पीकर त्याला जोडू नका. आवाजाचं बटण सावकाश फिरवा: खरखर झाली तर बहुधा साफसफाईने जाते, पण एक बाजू मध्येच गायब होत असेल तर किंमत पाडा.

स्पीकरची जाळी काढायला सांगा. वूफरभोवतीची कडा फोमची असेल तर ती काही वर्षांनी भुसभुशीत होऊन गळते. बोटाने अलगद दाबून बघा, तुकडा सुटला तर कडा बदलण्याचा खर्च धरा. रबराची कडा टिकते. मग कोन चार बोटांनी सारखा आत दाबा. खर्र असं घासल्यासारखं लागलं तर कोनामागची तारेची कॉइल वाकडी झाली आहे, तिथून नमस्कार करून निघा.

दुकानात नवीन घेतानाही पहिली मागणी घरी ऐकून बघण्याची करा. अनामत द्या, पावतीवर परतीची मुदत लिहून घ्या. ते जमत नसेल तर निदान तुमचं संगीत, एकच अँप आणि एकच जागा, एवढा हट्ट धरा. दुकानात निर्णय नको, फक्त दोन-तीन नावं कमी करून या.

## टप्पा ८: आठवडाभर राहू द्या

निवडलेला संच तसाच लावून आठ दिवस नेहमीसारखं ऐका, तुलना न करता. किती वेळ बसलात आणि आवाज आपोआप कमी करावासा वाटला का, एवढंच बघा. तासाभरात तीनदा हात रिमोटकडे गेला तर कुठेतरी टोचतंय. आधी ट्वीटर कानापासून थोडा बाहेर वळवा, सतरंजी बघा, मग स्पीकरला दोष द्या. त्यातूनही शंका उरली तर लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आणि मोजणीचा यूएसबी माइक उसना आणून खोलीचा आलेख काढा. बासमधले डोंगर-दऱ्या दिसतील, आणि त्यातल्या बऱ्याच तुमची खुर्ची फूटभर सरकवून कमी होतील.

जमिनीवरच्या टेपच्या खुणा मात्र काढू नका. रोज फरशी पुसताना स्टँड दोन-चार इंच सरकतात, आणि महिन्याभराने तुम्हाला वाटायला लागतं की अँप बिघडलाय.